कातरणीचे दिवस आणि खेचरांचा तळ

ज्येष्ठ सरत आला की आमच्या तळावर कातरींना धार लावायचा आवाज सुरू होतो. दगडावर लोखंड घासल्याचा आवाज. सवय नसलेल्याचे दात आंबतात. मला बरं वाटतं. आदल्या दिवशी मेंढरं ओढ्याच्या डोहात धुऊन काढायची, रात्रभर निथळू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं की कातरायला बसायचं. ओल्या लोकरीचा वास उग्र असतो, तेलकट. साबणाने हात धुतले तरी जात नाही, भाकरीला लागतो. आम्ही त्याच वासात जन्मलो, म्हणून आम्हाला त्याचं काही नाही.

यंदाही कातरणी झाली. मेंढरं आता निम्मीसुद्धा राहिली नाहीत. डिंभ्याच्या कालव्याचं पाणी फिरलं तसा ऊस वाढला, उसात बिबटे येऊन राहिले आणि चरायची पडकी रानं गेली. लोकरीला तर कुणी विचारत नाही. पण कातरावी लागतेच, नाही तर पावसाची ओल अंगात धरते आणि जनावर खंगतं. माझा मुलगा खंडू त्यासाठी सुट्टी काढून येतो. तो लष्करात आहे. दिवाळीला आला नाही तरी त्याचं काही अडत नाही, कातरणी मात्र चुकवत नाही. चार पाय बांधून मेंढी आडवी केली की ती निपचित पडून राहते आणि मग कातरीचा कचकच आवाज एका लयीत चालतो. त्या आवाजात माणसाला बोलायला सुचतं. खंडू एरवी बोलत नाही, कातरताना बोलतो.

मागच्या पंधरा ऑगस्टला तो घरीच होता, तेव्हा त्याला शाळेत बोलावलं होतं. कारगिलच्या लढाईतला जवान म्हणून नारळ, शाल वगैरे. मुलं पुढे मांडी घालून बसली होती. गुरुजींनी विचारलं, "शत्रू कसा दिसायचा ते सांगा मुलांना." खंडू म्हणाला, "मला न्हाई दिसला. मला म्होरल्या खेचराची शेपटी दिसायची." मुलं हसली. मग हा गडी खेचराच्या खुरात खडा अडकला तर तो कसा काढायचा ते सांगत बसला. गुरुजी घड्याळाकडे बघत होते. मला मात्र ते भाषण आवडलं. खोटं काही नव्हतं त्यात.

आता त्या वर्षाचं सांगते.

त्या साली अधिक महिना आला होता, ज्येष्ठच दोनदा. अधिकात लग्न करत नाहीत म्हणून खंडूचं लग्न निज ज्येष्ठात धरलं होतं. मुलगी राजुरीची, शेवंता. तिचे वडील ठकाजीभाऊ आमच्याच जातीचे, पण त्यांच्या वडलांनीच मेंढरं विकून विहीर पाडली होती. ते शेतकरी झाले, आम्ही फिरते राहिलो. दिवाळी झाली की माळशेज उतरून कोकणात जायचं आणि वैशाखात परत वर यायचं, हे आमचं वर्ष. वर आलो की पावसाळाभर कुणाच्या ना कुणाच्या रानात मेंढरं बसवायची. त्यांच्या लेंडीमुताने रान खतावतं, आम्हाला दाणे मिळतात. त्या वर्षी ठकाजीभाऊंनी स्वतःच सांगितलं, या खेपेला आमच्याच रानात बसा, सोयरे झालोच आहोत. म्हणून आमची पालं त्यांच्या विहिरीशेजारी पडली.

आम्ही घाट चढून आलो तेव्हा लढाई सुरू झालेली होती. आम्हाला ते ओतूरच्या बाजारात कळलं. राजुरीला पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी किराणा दुकानदाराने निरोप धाडला, तुमच्या पोराचा फोन येणार आहे, या. मी गेले. गुळाच्या ढेपांशेजारी फोन ठेवलेला असायचा. माशा उडवत बोलावं लागे.

"आय, सुट्टी बंद झाली समद्यांची."

"लग्न?"

"फुडं ढकला."

"कुठवर?"

"त्ये मला कुणी सांगंना."

मी म्हटलं, बरं. आणखी काय म्हणणार? दुकानदार चिंचोक्याच्या पोत्यावर बसून ऐकत होता. त्याच्यासमोर रडण्याचा प्रश्नच नव्हता, आणि रडून सुट्टी मिळत नाही.

आमच्यात कामाची वाटणी पक्की आहे. मेंढरं गड्यांची, घोडी बायकांची. गडी पहाटे मेंढरं घेऊन पुढे निघून जातात. मागे तळ मोडायचा, पालं गुंडाळायची, भांडी, जातं, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, सगळं घोड्यांवर भरायचं आणि दुपारपर्यंत पुढच्या मुक्कामाला जाऊन पुन्हा संसार मांडायचा, हे बायकांचं काम. घोडं भरणं म्हणजे पोतं टाकलं आणि निघालं असं नसतं. दोन्ही बाजूंनी वजन सारखं लागतं. समोरासमोर दोन माणसं लागतात, एकाने उचलून धरायचं, दुसऱ्याने दोरी ओढायची. मला मुलगी नव्हती. जावा आपापली घोडी भरायच्या. माझ्या घोड्याच्या पलीकडच्या बाजूला खंडू उभा राहायचा, सहासात वर्षांचा असल्यापासून. माझे धाकटे दीर, गेणूभाऊजी, त्याला "खंडूबाई" म्हणायचे. त्याचे वडील ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मोठा झाल्यावर तो मेंढरांमागे जायला लागला, पण हात कसा विसरेल? ओझ्याला बसलेली गाठ बघूनच तो सांगायचा, हे काकीने भरलंय, हे आजीने.

भरतीत त्याला विचारलं म्हणे, जनावराची सवय आहे का. हा म्हणाला, आहे. त्याला दिला खेचरांच्या तुकडीत. शिकायला ठेवलं तेव्हा पहिल्याच सुट्टीत येऊन त्याने मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं. "आय, ततं बी त्येच हाय. घोडं भरायचं." आणि आम्ही दोघं हसलो. मी पोट धरून हसले. इतक्या लांब जाऊन, डोक्याचे केस उतरवून, कडक कपडे घालून काय मिळालं, तर माझ्या घोड्याची पलीकडची बाजू. मग म्हणाला, "तात्यांना सांगू नगं." मी नाही सांगितलं. त्याच्या वडलांनी तोवर साऱ्या वाड्यावर, म्हणजे आमच्या तळावरच्या सगळ्या पालांमधून, सांगून ठेवलं होतं की पोरगा मशीनगनवर आहे. मशीनगन हा शब्द त्यांनी रेडिओवर ऐकलेला.

त्या पावसाळ्यात खंडूचे तीनचार फोन आले असतील. वरून खाली सामान न्यायला आला की आणि रांगेत नंबर लागला की करायचा. कुठे आहे ते सांगायचं नसतं, ते मी विचारलं नाही. दिवस कसा जातो एवढंच विचारायची. बाकीचं त्याने पुढे सुट्टीत सांगितलं, दर कातरणीला थोडं थोडं. आता माझ्या डोक्यात ते सगळं एकत्र झालंय, मी तिथे राहून आल्यासारखं.

अंधारात उठायचं. हातपाय आखडलेले असायचे. उठल्याबरोबर चहा नाही, आधी खेचराला पाणी. पाण्यावर रात्री बर्फाचा पापुद्रा धरायचा, तो बुटाने फोडायचा. मग तोंडाला चण्याचा तोबरा बांधायचा आणि ते खातंय तोवर खरारा करायचा. पाठीवर हात फिरवून बघायचं, कुठे खोगीर लागलंय का, सूज आहे का. पाठ दुखावली की खेचर बसलं, आणि खेचर बसलं की ते सामान माणसाच्या पाठीवर. हे सगळं झाल्यावर चहा. पितळीएवढ्या मगात, गोडमिट्ट. मग दाढी. मी विचारलं, लढाईत कोण बघतंय दाढी? तो म्हणाला, हवालदार बघतो.

त्याच्या खेचराचं नाव त्याने चंद्री ठेवलं होतं. खुरावर नंबर असतो, पण नंबराला हाक मारून कुठलं जनावर येतं? चंद्री सगळ्यांना लाथ मारायची. याला नाही मारायची, कारण हा तिच्या मागून अचानक कधी गेला नाही. ते मीच शिकवलेलं. घोड्याच्या मागून जायचं असेल तर ढुंगणावर हात ठेवून बोलत बोलत जायचं, म्हणजे त्याला कळतं कोण आहे.

सामान म्हणजे पाण्याचे डबे, रॉकेल, पिठाची पोती, गोळ्यांच्या पेट्या. उजेडात वर जाता येत नसे, समोरच्या डोंगरावरून दिसतं. म्हणून दिवस मावळायला भरायचं, रात्री चढायचं, उजाडायच्या आत खाली. दिवसभर मग तळावर काय? कपडे वाळवायचे, मोजे वाळवायचे, उवा मारायच्या. लंगरची, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातली, जाड रोटी आणि डाळ खायची. बाजरीच्या भाकरीची आठवण काढायची, पण मोठ्याने नाही, दुसरे चिडवतात. तेव्हा वर्ल्डकप चालू होता. एका पंजाबी पोराकडे रेडिओ होता, त्याच्याभोवती सगळी डोकी. खंडूला क्रिकेटचं काही कळत नाही, पण तोही बसायचा, कारण तिथे ऊब असायची. लढाई म्हणजे बरीचशी वाट बघणं असतं, असं तो म्हणतो. मला ते पटतं. मेंढरं राखणंही तसंच आहे. दिवसभर काही होत नाही. आणि ज्या घडीला होतं त्या घडीला तुमचं लक्ष नको तिथे असतं.

तंबूच्या मेखा त्या जमिनीत जात नव्हत्या. फोनवर मला म्हणाला, "सगळा दगूड हाय, आय."

"कोकणात जांभ्यावर काय करतो आपण?"

"धोंड्याला बांधतो."

"मग?"

"बांधल्यात. तुला आपलं सांगितलं."

त्याला काही विचारायचं नव्हतं. बोलायचं होतं. मला कळलं ते.

एक गंमत त्याने पुष्कळ दिवसांनी सांगितली. तळावर गेल्यागेल्या त्याने काय करावं? खेचरांची लीद गोळा करून, नीट थापून, उन्हात ओळीने वाळत घातली. आमच्यात लीदशेण वाया घालवणं म्हणजे घरात आलेली लक्ष्मी परत धाडणं. शिवाय जळण होतं. त्याच्या मनात, हवालदार शाबासकी देईल. हवालदाराने येऊन बघितलं आणि त्याचा चेहराच गेला. करड्या दगडांवर काळ्या गोवऱ्यांच्या ओळी, वरच्या डोंगरावरून आंधळ्यालाही दिसाव्यात अशा. इथे तळ आहे, या आणि मारा, असं लिहून ठेवल्यासारखं. सगळ्या गोवऱ्या त्यालाच पुरायला लावल्या आणि वर शिक्षा म्हणून आठवडाभर सगळ्यांची लीद याच्याकडे. कातरताना ही गोष्ट सांगतो तेव्हा त्याचं त्यालाच हसू येतं, कातर थांबवावी लागते. मी विचारलं, कुठे पुरली? म्हणाला, नाल्याच्या कडेला. म्हटलं, तिथे गवत चांगलं आलं असेल. म्हणाला, आलं असेल.

तोफा सुरू झाल्या तर खेचराच्या कानाकडे बघायचं. माणसाला ऐकू यायच्या आधी त्याला येतं. कान उभे झाले की आडवं व्हायचं. हेही त्याने सांगितलं. आणि आणखी एक, वर जाताना खेचरं भरलेली असायची तशी खाली येतानाही रिकामी येत नसत. तो एवढंच म्हणाला. मी पुढे विचारलं नाही. मेंढीची मान वळवून त्याने दुसरी बाजू कातरायला घेतली.

तर हे सगळं मला तेव्हा माहीत होतं असं नाही. तेव्हा एवढंच माहीत होतं की पोरगा खेचरं भरतो, रात्री डोंगर चढतो आणि वर गोळे पडतात. आणि हे वाड्यावर माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

निज ज्येष्ठही सरत आला. लग्नाची तारीख येऊन गेली. कातरणी धरली. आमच्यात कातरणी पैसे देऊन होत नाही. आज माझ्याकडे सगळे, उद्या तुझ्याकडे सगळे. ठकाजीभाऊंनी मेंढरं सोडली होती, तरी कातर चालवायची हौस होती, शिवाय रान त्यांचंच. तेही बसले. विहिरीजवळच्या चिंचेखाली गडी ओळीने बसले होते, मी मेंढरं आणून देत होते, शेवंता घरून चहाची किटली घेऊन आली होती. ठरलेल्या घरच्या माणसांत मुलीने वावरू नये म्हणतात, पण तिच्याच विहिरीवर आम्ही उतरलेलो, ती कुठे जाणार?

नुकत्याच कातरलेल्या मेंढ्या पांढऱ्याफेक, हडकुळ्या, लाजल्यासारख्या उभ्या होत्या. कोकरं आईला ओळखत नव्हती. वास बदलतो ना. ती ओरडत हिंडत होती आणि त्या गोंगाटात ठकाजीभाऊ मान वर न करता म्हणाले, "वैनी, येक बोलायचंय."

"बोला की."

"आशाड लागतोय. मंग तुळशीचं लगीन हुईस्तवर मुहूर्त न्हाई. तवर पोरगी घरात ठिवायची आन् रोज बातम्यांला कान लावायचा. माजा डोळ्याला डोळा न्हाई, खरं सांगतो."

"मग काय म्हणता?"

"नारायणगावचं येक ठिकाण आलंय. यष्टीत डायव्हर हाय पोरगा."

सगळ्या कातरी थांबल्या. शेवंता कपात चहा ओतत होती, ती ओतत राहिली.

गेणूभाऊजी म्हणाले, "डायव्हर बी मरत्यात, पावणं. घाटात बघा की यकदा."

दोघंतिघं हसले. ठकाजीभाऊ नाही हसले. "तसं न्हाई, गेणूभाऊ. डायव्हरला समोरून कुणी गोळ्या मारीत न्हाई."

 आता आमच्या यांना वाटलं, पोराची बाजू घ्यावी. छाती काढून म्हणाले, "माजा पोरगा मागं हटणारा न्हाई, पावणं. मशीनगनवर हाय त्यो. अगदी म्होरं."

ठकाजीभाऊंच्या तोंडावरचा रंग उडाला. ज्या गोष्टीची त्या माणसाला धास्ती, तीच हे त्याला ताटात वाढत होते. आणि वरून मिशीवर हात. मला राग आला. लग्न मोडलं तर मोडो, सोयरिकी जुळतात आणि मोडतात, रान सोडून दुसऱ्याच्या रानात जायलाही मला अर्धा दिवस पुरतो. पण पोरगी चांगली होती, मी महिना-दीड महिना तिला विहिरीवर बघत होते. कामाला हात भरभर चालायचा आणि उगाच बोलायची नाही. ती माझ्या नवऱ्याच्या थापेपायी हातची जावी, हे मला मंजूर नव्हतं.

मी म्हटलं, "मशीनगन फिशीनगन काही नाही. तो खेचरं भरतो. सामान वाहतो."

"काय भरतो?" गेणूभाऊजींनी विचारलं.

"ओझी. खेचरांवर. मी घोडं भरते तसं."

 मग गेणूभाऊजी फसकन हसले. "आरं तिच्या. खंडूबाई खंडूबाईच ऱ्हायली." त्यावर सगळी ओळ हसली. एकाने तर मेंढी सोडून दिली, ती अर्धी कातरलेली तशीच पळाली. आमचे हे खाली बघत राहिले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण बोलले ते बोलले.

ठकाजीभाऊ मात्र हसण्यात नव्हते. त्यांच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. मला म्हणाले, "मंग जिवाला धोका न्हाई म्हना की, वैनी. मागंच असंल त्यो. सामानाजवळ."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एक शब्द म्हणायचा होता. नाही. तेवढा म्हटला असता तर सोयरीक तिथल्या तिथे पक्की होती. जीभ उचलली होती मी, खोटं सांगत नाही. पण त्याआधी शेवंता बोलली.

"आत्या, ती खेचरं वर नेत्यात का खालीच ठिवत्यात?"

"वर नेतात."

"गोळं पडत्यात तिथवर?"

"तिथवर. कधी त्याच्याही पुढे."

तिने किटली खाली ठेवली. वडलांकडे बघून म्हणाली, "मंग धोका हाय, आप्पा. बंदूकवाल्याला हाय तेवढाच. तुमी उगा खूश व्हऊ नका."

"मंग मोडू म्हनतीस?"

"मी कुटं म्हनलं मोडा?"

"आगं मंग म्हनतीस काय तू?"

ती पदराला हात पुसत होती. बापासमोर, परक्या गड्यांसमोर मुलीने असं बोलायची रीत नव्हती. तिला ते माहीत होतं, म्हणून आवाज लहान होता. पण शब्द सगळे ऐकू आले. "त्या डायव्हरला मी बघितलं न्हाई. ह्यांना बघितलंय. गेल्या साली ह्ये सुट्टीवर आलते तवा ह्यांची घोडी आपल्या बांधावरनं चालली व्हती. येक ओझं सरकलं. समदे गडी म्होरं निघून गेलते, ह्ये मागं वळले आन् आत्यांसंगं पुन्यांदा भरलं. कुणी बघतंय का त्ये बघितलं न्हाई. तवाच मी होय म्हनलं व्हतं. तुमी मला विचारलं त्येच्या आदी."

एवढं बोलून तिने किटली उचलली आणि विहिरीकडे गेली. पाठमोरी, घाई न करता.

 ठकाजीभाऊंनी हातातली मेंढी नीट पुरी केली. मानेखालची लोकर राहिली होती, तीसुद्धा काढली. पाय सोडले. ती उठून, अंग झाडून पळाली. मग त्यांनी कातर मांडीवर पुसली आणि म्हणाले, "दुसरी आना, वैनी."

नारायणगावचं नाव पुन्हा निघालं नाही.

आमचे हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचा त्रास नव्हता, काम पुष्कळ होतं. पुढच्या खेपेला फोनचा निरोप आला तेव्हा मात्र पायात वहाणा चढवून माझ्या आधी तयार. दुकानात मी फोन घ्यायच्या आत यांनी उचलला. बराच वेळ नुसतं "हां, हां" चाललं होतं. मग एकदम, मोठ्याने, जणू फोनशिवायच हाक तिकडे पोचवायची आहे तसं म्हणाले, "वजन दोनी बाजूंनी सारकं घेतूस न्हवं?" पलीकडून खंडू काय म्हणाला ते मला कळलं नाही.  माझ्या हातात फोन आला तेव्हा तो नाक ओढत होता. मी विचारलं, सर्दी झाली का? म्हणाला, हो, थंडी लई हाय.

आषाढातच लढाई संपली. आम्ही बाजरी खुरपायला गेलो होतो, तिथे बांधावर कुणीतरी सांगितलं. मी दोन ओळी खुरपून झाल्यावर उठले आणि पाणी प्यायले. त्या दिवशी तेवढंच केलं. पुढे त्याला सुट्टी मिळायला कार्तिक उजाडला. वाळलेला, काळा पडलेला, ओठ फुटलेले. पहिल्या दिवशी झोपला, दुसऱ्या दिवशी झोपला, तिसऱ्या दिवशी उठून घोड्यांचे खूर बघत हिंडला. तुळशीचं लग्न लागलं आणि मग याचं लागलं, ठकाजीभाऊंच्या खळ्यात. वऱ्हाडातल्या बायका विचारत होत्या, लढाईत काय काय बघितलं? खंडूने सांगितलं, पाऊस कमी असतो तिकडे. तेवढ्यावर त्यांनी त्याला सोडलं.

यंदा पालाच्या दारात बसून शेवंता लोकर पिंजत होती आणि खंडू कातरत होता. तिला आता घोडं भरण्यात माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला म्हणते, आत्या, तुमी ढिलं बांधता. बांधत असेन. हात थकले. लढाईवरून आलेली माणसं रात्री ओरडतात, दारू पितात असं ऐकलंय. याचं तसं काही झालं नाही. मोठा आवाज झाला तर तो आधी जवळच्या जनावराच्या कानाकडे बघतो, एवढंच राहिलंय. फटाके वाजले की घोड्याकडे बघतो, घोडं शांत असलं की हाही शांत. तेवढं चालतं.

त्या वर्षी लग्नानंतर आम्हाला कोकणात उतरायला उशीर झाला होता. बाकीचे वाडे कधीच घाट उतरून गेले होते. निघायच्या दिवशी अजून धुकं होतं. मेंढरं दुसऱ्या गड्यांबरोबर पुढे लावून दिली होती आणि मागे राहिलेले गडी शेकोटीपाशी चहा घेत बसले होते, आम्ही बायका भरतोय ते बघत. खंडूची सुट्टी उरली होती, तो घाटमाथ्यापर्यंत येणार होता. तो शेकोटीपाशी बसला नाही. सरळ घोड्याजवळ आला आणि शेवंताला म्हणाला, "तू पल्याड हो."

तिने जन्मात घोडं भरलं नव्हतं. दोरी दोन्ही हातांनी गच्च धरून उभी राहिली.

"मी म्हनलं की वढ."

तिने तो म्हणायच्या आतच ओढलं. सगळं ओझं तिच्या अंगावर कललं, भांडी वाजली, कोंबड्या फडफडल्या.

"आगं आगं, हळू. तुज्याकडं चाललंय समदं."

"मंग तुमी काय धरलंय?"

शेकोटीपाशी हशा झाला. गेणूभाऊजी काहीतरी बोलणार तेवढ्यात आमचे हे उठले. कप जमिनीवर ठेवला, धोतर झटकलं, चालत घोड्यापाशी आले आणि घोड्याच्या तोंडाशी दोरी धरून उभे राहिले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, भरताना त्यांनी घोड्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

"दादा, तू बी गेलास व्हय बायकांत?" गेणूभाऊजींनी विचारलं.

"घोडं लाथ झाडतंय," हे म्हणाले. "दिसत न्हाई का तुला?"

घोडं डोळे मिटून उभं होतं. इतकं गरीब जनावर आमच्या वाड्यावर दुसरं नव्हतं.